अमेरिकेहून परतता येतं, हिंजवडीहून नाही

पुण्यात विद्यापीठ चौकापासून पाषाणपर्यंतच्या पट्ट्यात जेवढं संशोधन दाटीवाटीनं बसलंय, तेवढं महाराष्ट्रात मुंबई सोडली तर कुठंच नाही. विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि एनसीसीएस, पाषाणला १९५० सालची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजे आपली एनसीएल, तिच्या शेजारी २००६ साली सुरू झालेलं आयसर, जवळच मोसमी पावसाचा अभ्यास करणारी आयआयटीएम. याच भागातून बाणेर ओलांडून पुढं गेलं की हिंजवडीचं आयटी पार्क लागतं. संशोधन सोडून निघालेल्या तरुणांची महाराष्ट्रातली सर्वांत वर्दळीची वाट बहुधा हीच असावी. जाण्याची कारणं आपण खूप चघळतो. त्यातलं कोणी परत येऊ शकतं का, हे विचारायचं राहूनच जातं.

आधी जाण्याबद्दल. सोडणाऱ्यांविषयी दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक, पैशामागं गेले. दुसरं, चिकाटी कमी पडली. ही दोन्ही मतं बहुतेक वेळा कायम नोकरीत असलेल्यांची असतात. माझ्या मते दोन्ही चूक आहेत. आपल्याकडं संशोधनात कोण टिकतं, हे हुशारीवर किंवा आवडीवर ठरत नाही. वाट बघणं कोणाच्या घराला परवडतं, यावर ठरतं.

एक काल्पनिक मुलगा घेऊ. लातूरचा म्हणू. एकविसाव्या वर्षी बी.एस्सी., तेविसाव्या वर्षी एम.एस्सी. नेट ही पात्रता परीक्षा पहिल्या खेपेला हुकली, दुसऱ्या खेपेला जेआरएफसह, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपसह, मिळाली, पंचविसावं लागलं. चांगला गाईड, चांगली संस्था मिळाली. जेआरएफ-एसआरएफ मिळून फेलोशिप पाच वर्षांची. प्रयोगाचं पीएच.डी. पाच वर्षांत क्वचितच संपतं. रसायनं वेळेवर येत नाहीत, यंत्र बंद पडतं आणि दुरुस्तीची फाईल सहा महिने फिरते. शेवटचं वर्ष तो गाईडच्या प्रोजेक्टमधून मिळेल त्या रकमेवर काढतो, किंवा काहीच न मिळता. थिसिस सादर झाला की परीक्षकांचे अहवाल येऊन व्हायवा व्हायला आणखी काही महिने. एकतिसावं सरलं. वडील एव्हाना निवृत्त झालेत, धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय.

आता त्याच्यापुढं काय आहे? सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत शास्त्रज्ञपदाची वयोमर्यादा ३२. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या, म्हणजे डीएसटीच्या, इन्स्पायर फॅकल्टी योजनेची सर्वसाधारण मर्यादाही ३२. आयआयटीच्या जाहिरातींत सहायक प्राध्यापकासाठी खुल्या गटातल्या पुरुषाचं वय शक्यतो ३५च्या आत हवं, स्त्रीचं ३८च्या आत. शिवाय परदेशातल्या पोस्टडॉकशिवाय अशा ठिकाणी नावाचा विचार होणं अवघड, हे प्रत्येक प्रयोगशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. पोस्टडॉक दोन-तीन वर्षांचा, कधी दोन पोस्टडॉक. म्हणजे बत्तिसाव्या वर्षी बंद होणारी दारं तो बाहेर असतानाच बंद होतात, आणि पस्तिसाव्याचं दार अर्धं ओढलेलं असतं. यातलं कोणतंही पाऊल त्यानं चुकीचं टाकलेलं नाही. नेटचा एक प्रयत्न हुकला, एवढंच. त्याच्या वर्गातला जो मुलगा एम.एस्सी.नंतर थेट हिंजवडीला गेला, त्याचं एव्हाना वाकडला घर झालंय. पण त्या घरानं तो खचत नाही. ते त्यानं आधीच गृहीत धरलेलं होतं. आणखी किती वर्षं हे कोणीच सांगू शकत नाही, तेव्हा तो खचतो.

फेलोशिपचा इतिहासही याच वळणाचा आहे. जेआरएफ २०१०मध्ये महिना १६ हजार होती, २०१४मध्ये २५ हजार, २०१९मध्ये ३१ हजार, २०२३पासून ३७ हजार. आकडे वाईट नाहीत. घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. पण वाढीआधी संशोधकांना रस्त्यावर उतरावं लागायचं. २०१९च्या जानेवारीत दिल्लीत मनुष्यबळ विकास मंत्रालयासमोर जमलेल्या संशोधकांना पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. वाढ झाली तरी पैसे वेळेवर येतील याची खात्री नाही. महिनोन्महिने फेलोशिप थकणं हे आता इतकं नेहमीचं झालंय की नव्या मुलाला पहिला सल्ला मिळतो तो सहा महिन्यांची शिल्लक बाजूला ठेवण्याचा. ज्याच्याकडं सहा महिन्यांची शिल्लक आहे त्यानंच संशोधन करावं, असा याचा सरळ अर्थ. आणि हे जेआरएफ मिळालेल्या भाग्यवानांचं झालं. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्यांना मिळणारी फेलोशिप ८ हजारांवर थांबलेली आहे. ती बंद करायचा निर्णय २०१५मध्ये झाला तेव्हा दिल्लीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, दाराशी विद्यार्थी ठाण मांडून बसले होते. राज्याच्या विद्यापीठांतल्या बहुसंख्य पीएच.डी. विद्यार्थ्यांना तर तेवढेही मिळत नाहीत.

अशा परिस्थितीत पीएच.डी.ला येणारे कमी व्हायला हवेत. घडतंय उलटंच. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशात २०१४-१५मध्ये पीएच.डी.ला सुमारे १ लाख १७ हजार विद्यार्थी होते. २०२१-२२मध्ये ते २ लाख १२ हजारांवर गेले. सात वर्षांत ऐंशी टक्क्यांची वाढ. याच काळात देशाचा संशोधनावरचा खर्च सकल उत्पन्नाच्या पाऊण टक्क्याच्याही खाली रेंगाळत राहिला. २०२०-२१चा आकडा ०.६४ टक्के आहे. आत येणारी रांग दुपटीकडं चालली आणि पुढच्या दालनातल्या खुर्च्या जवळपास तेवढ्याच. गणित एवढंच आहे. बाकी सगळ्या मानसशास्त्राआधी ते मांडायला हवं.

बाहेरच्या देशांत या गळतीची मोजदाद तरी होते. पोलंडचे मारेक क्विएक आणि लुकाश शिमुला यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३८ देशांतल्या, २००० साली पहिल्यांदा शोधनिबंध प्रसिद्ध केलेल्या १ लाख ४२ हजार शास्त्रज्ञांचा पुढचा प्रवास तपासला. पाच वर्षांत एक तृतीयांश गळाले, दहा वर्षांत निम्मे. 'गळाले' म्हणजे त्यांचे निबंध यायचे थांबले. कोणी उद्योगात जाऊन गुप्त संशोधन करत असेल तर तेही यात गळालेलेच मोजले गेले, ही या मोजमापाची मर्यादा. हे सगळे श्रीमंत देशांच्या संघटनेतले देश, त्यात भारत नाही. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीनं २०१०मध्येच सांगितलं होतं की विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्यांपैकी शेवटी प्राध्यापक होतात ते ०.४५ टक्के, दोनशेंत एकसुद्धा नाही. थोडक्यात, सोडणं हाच नियम आणि टिकणं हा अपवाद, जगभर. मग प्रत्येक प्रयोगशाळेत पहिल्या दिवसापासून उलटं का भासवलं जातं, हा प्रश्न उरतो.

जर्मनीत या गळतीचाच प्रश्न चिघळला. तिथल्या २००७च्या कायद्याप्रमाणं विद्यापीठात कंत्राटी संशोधक म्हणून पीएच.डी.आधी सहा आणि नंतर सहा वर्षं काढता येतात. त्यात कायमची जागा मिळाली नाही तर बहुतेकांना बाहेर पडावं लागतं. सरकारनं या कायद्याचं समर्थन करणारी छोटी चित्रफीत काढली, तिच्यात हाना नावाची एक काल्पनिक तरुण संशोधिका. जुन्या लोकांनी जागा अडवू नयेत म्हणून हे बरंच आहे, असा तिचा सूर. २०२१च्या जूनमध्ये हजारो खऱ्या संशोधकांनी 'मीच हाना' म्हणत आपापल्या कंत्राटांच्या कहाण्या जाहीरपणे सांगितल्या. पुण्यातून जर्मनीला पोस्टडॉकसाठी जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ते एका अनिश्चिततेतून निघून दुसऱ्या, जरा बऱ्या पगाराच्या अनिश्चिततेत जातात.

गाईड या संस्थेबद्दल लिहायला मात्र आपल्याकडं कोणी धजत नाही, कारण लिहिणाऱ्याचा स्वतःचा गाईड जिवंत असतो. थिसिसवर सही त्याची, परिषदेला जायची परवानगी त्याची, शोधनिबंधावर नावांचा क्रम तो ठरवणार, आणि पोस्टडॉकसाठी लागणारं शिफारसपत्रही त्याचंच. नियमानं गाईड बदलता येतो. प्रत्यक्षात बदलणाऱ्याला त्या विषयाच्या छोट्याशा वर्तुळात दुसरं कोणी सहसा घेत नाही. चांगले गाईड पुष्कळ आहेत, पण चांगला मिळणं हा नशिबाचा भाग असावा अशी ही रचना आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या २०१७च्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी मानसिक आजाराच्या उंबरठ्यावर असल्याचं दिसलं, आणि त्याचा संबंध कामाच्या ताणाबरोबर मार्गदर्शकाच्या वागण्याशीही होता. हे तिथलं, जिथं विद्यार्थ्याला नोकरदाराचे हक्क असतात.

सचोटीनं काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट कुरतडते. २०१८ साली भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये एक छाननी प्रसिद्ध केली. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीनं घुसलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं साध्या निकषांतही बसत नव्हती. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचं संपादक मंडळ. पैसे भरा, निबंध छापा. त्या निबंधांवर बढत्या मिळत होत्या. त्यानंतर पुणे विद्यापीठात दर्जेदार नियतकालिकांच्या 'केअर' यादीचं काम सुरू झालं. २०२५मध्ये यूजीसीनं ती यादीही बंद केली. ज्यानं तीन वर्षं खपून एक निबंध नावाजलेल्या नियतकालिकात छापला, त्यानं मुलाखतीला शेजारी बसलेल्या उमेदवाराची अकरा निबंधांची फाईल बघितली की घरी येऊन तो काय ठरवत असेल?

आतापर्यंत विज्ञानाचंच बोललो, कारण मोठ्या संस्था तिथं आहेत. पण महाराष्ट्रातली गळती मुख्यतः आहे ती मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांत, आणि तिथं सोडणाऱ्याला सोडल्याचं समाधानही मिळत नाही. तो सीएचबीवर असतो. तासिका तत्त्वावर. जून-जुलैत नेमणूक, मार्च-एप्रिलमध्ये समाप्ती, मोजून तासांचे पैसे, तेही वर्षाच्या शेवटी बिलं मंजूर झाली तर. सुट्टी लागली की तास नाहीत, तास नाहीत की पैसे नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच कॉलेजात तोच पेपर शिकवायचा. असं दहा-बारा वर्षं करत चाळिशी गाठलेले सेट-नेट-पीएच.डी.धारक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. कोणी सकाळी तास घेऊन दुपारी शेतावर जातो, कोणी खासगी क्लासमध्ये शिकवतो. ही माणसं संशोधन सोडून गेलेली नाहीत, पण त्यांच्या हातून संशोधन सुटलंय, कारण कॉलेजचं ग्रंथालय उघडं असतं तेव्हा ती दुसऱ्या गावच्या एस.टी.त असतात. कोणत्याही गळतीच्या मोजणीत ती दिसणार नाहीत.

जागा नाहीत म्हणावं तर जागा आहेत, पण भरल्या जात नाहीत. २०१७च्या मेमध्ये राज्याच्या वित्त विभागानं पदभरतीवर बंधनं आणली. मग २०१८मध्ये ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या जागांना मान्यता, पुढे २०२१मध्ये २,०८८. मान्यता म्हणजे भरती नव्हे. मधे रोस्टर तपासणी, ना-हरकत पत्र, जाहिरात, विद्यापीठाचा प्रतिनिधी, आचारसंहिता. आणि खासगी अनुदानित संस्थांमधला 'भाव', जो सगळ्यांना माहीत असतो आणि लेखी कुठंच नसतो. त्यात पात्रतेचे नियमही धावत्या गाडीत बदलतात. यूजीसीनं २०१८मध्ये सांगितलं, २०२१च्या जुलैपासून विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची. ती तारीख पुढं ढकलून २०२३ केली. आणि २०२३चा जुलै उजाडताच जाहीर केलं की पीएच.डी. ऐच्छिक, नेट-सेट पुरे. पाच वर्षं सक्तीच्या भीतीनं ज्यांनी नोंदणी केली, कर्ज काढलं, त्यांनी काय करायचं, हे परिपत्रकात नव्हतं.

त्याच वर्षी, डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात राज्य सरकारच्या सारथी संस्थेच्या फेलोशिपचा विषय निघाला आणि पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा आशयाचा प्रश्न तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी केला. राज्यभर संताप उसळला. काही दिवसांनी, २४ डिसेंबरला, सारथी-बार्टी-महाज्योतीच्या फेलोशिपसाठी चाळणी परीक्षा झाली, तर प्रश्नपत्रिका निघाली २०१९च्या सेटची, जशीच्या तशी. संशोधकाच्या गुणवत्तेची चाचणी घेणाऱ्यांना नवे प्रश्नही सुचले नव्हते.

स्त्रियांची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण तिथं आपल्याला उत्तर आधीच माहीत असल्यासारखं वाटतं. लग्न, मूल, सासर. देशातल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांत मुली ४६ टक्क्यांच्या आसपास आहेत; प्रत्यक्ष संशोधनात काम करणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण मात्र विसाच्याही खाली. मधल्या या खड्ड्याचा नीट शोध घेतला तो २०१०मध्ये अनिता कुरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळुरूच्या निआस या संस्थेसाठी. त्यात होत्या रोहिणी गोडबोले. पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या, पुढे स्टोनी ब्रुकला पीएच.डी. करून मुंबईत परतलेल्या आणि नंतर बंगळुरूच्या आयआयएससीत रमलेल्या या भौतिकशास्त्रज्ञ २०२४च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. त्यांचा तो अहवाल वाचला की समज उलटा होतो. काम सोडलेल्या स्त्रियांनी घरापेक्षा ठळकपणे सांगितलेलं कारण म्हणजे हवं तसं काम मिळालंच नाही. घरची जबाबदारी तर संशोधनात टिकलेल्या स्त्रियांवरही होतीच. संस्था नवरा-बायको दोघांना एका आवारात नेमत नाहीत, पाळणाघर नाही, निवड समितीत सगळे पुरुष. हे सगळं 'कौटुंबिक कारण' या एका रकान्यात ढकललं की कुणालाच काही करावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र सरकारनं लवकर ओळखली होती. डीएसटीनं २००२-०३मध्येच खंड पडलेल्या स्त्री-वैज्ञानिकांसाठी योजना सुरू केली. सत्ताविसापासून सत्तावन्न वर्षांपर्यंतच्या स्त्रीला स्वतःचा प्रकल्प मांडता येई, तीन वर्षं मानधन मिळे, एखादी संस्था तिला जागा देई. याच योजनेची एक शाखा पेटंटचं वर्षभराचं प्रशिक्षण देई. त्यातून पुष्कळ जणी पेटंट एजंट होऊन पायावर उभ्या राहिल्या. खंड पडला म्हणजे माणूस निकामी होत नाही, हे मान्य करणारी ही आपल्याकडची जवळजवळ एकमेव मोठी योजना. तिची अडचण तीन वर्षांनंतर सुरू होते. प्रकल्प संपतो, यजमान संस्था चहापान करून निरोप देते, आणि स्त्री जिथून आली तिथं परत. सत्तावन्नापर्यंत परत यायची मुभा होती, कायम नोकरीची मर्यादा मात्र पस्तीस-अडतीस. एका हातानं उघडलेलं दार दुसऱ्या हातानं लावलेलं.

सोडून गेलेले जातात कुठं? हिंजवडी-खराडीत डेटा सायन्सला, औषधनिर्मितीत, बँकांच्या जोखीम विभागात, जिथं सैद्धांतिक भौतिकी शिकलेल्यांना मोठी मागणी, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीला. एक रस्ता फारसा ठाऊक नसतो. शोधनिबंधांच्या संपादनाचा मोठा उद्योग मुंबई-पुण्यात आहे. मुंबईतली कॅक्टस कम्युनिकेशन्स ही कंपनी २००२मध्ये जपानी संशोधकांचं इंग्रजी सुधारण्यापासून सुरू झाली. आपल्याकडं निबंध लिहायला प्रयोगशाळा न मिळालेली मुलं दिवसभर क्योतोच्या आणि सोलच्या प्रयोगशाळांचे निबंध नीट करत असतात. यातल्या अनेकांचं उत्तम चाललंय, हेही सांगायला हवं. सोडणं ही शोकांतिका मानणं हा प्राध्यापकी अहंकार आहे. ज्याला पाच वर्षांत आकडेवारीशी झुंजायला शिकवलं, तो विमा कंपनीत तेच करत असेल तर त्याचं शिक्षण वाया गेलेलं नाही.

वाया जातं ते त्याच्या हातात अर्धं राहिलेलं काम. त्याची सर्वांत बोलकी गोष्ट अमेरिकेतली आहे. डग्लस प्रॅशर यांनी वुड्स होलच्या सागरी संस्थेत जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक वेगळं केलं. निबंध १९९२मध्ये छापला. पेशींमध्ये काय चाललंय हे डोळ्यांनी बघता येईल, ही त्यातली शक्यता त्यांना दिसत होती, पण पुढच्या कामासाठी पैसे मिळेनात. कायम होण्याची आशाही मावळली. त्यांनी संस्था सोडली; निघताना ते जनुक मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकलं. २००८मध्ये त्या दोघांना, ओसामु शिमोमुरा यांच्यासह, रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा प्रॅशर अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये मोटारींच्या एका दालनात ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना सपत्नीक स्टॉकहोमला नेलं, हे झालं सौजन्य. त्याहून महत्त्वाचं पुढं घडलं. २०१२ साली, साठी ओलांडल्यावर, प्रॅशर पुन्हा प्रयोगशाळेत रुजू झाले, त्सिएन यांच्याच. तिथं त्यांनी २०१५पर्यंत काम केलं. कोणत्या योजनेतून? कोणत्याही नाही. त्सिएन यांच्याकडं पैसे होते आणि हवं त्याला नेमायची मोकळीक होती.

काटालिन कारिको यांचीही वाट अशीच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९५मध्ये पदावनती झालेली ही हंगेरियन बाई २०१३मध्ये जर्मनीच्या बायोएनटेक कंपनीत गेली, करोनाची लस तिच्या कामावर उभी राहिली, २०२३चं नोबेल मिळालं आणि एव्हाना सेगेड या तिच्या जुन्या विद्यापीठानं तिला प्राध्यापकपद दिलं होतं. नोबेलच्या तोडीचं काम केलं तर परतता येतं, हे यातून सिद्ध होतं. बाकीच्यांचं काय?

आपल्याकडं परतीच्या योजना आहेत, आणि बऱ्या आहेत. हरगोविंद खुराना लिव्हरपूलहून डॉक्टरेट घेऊन १९४९मध्ये भारतात आले, नोकरी मिळाली नाही, पुढच्याच वर्षी केंब्रिजला गेले. १९६८चं नोबेल त्यांना अमेरिकेत मिळालं. ती बोच सरकारदरबारी बराच काळ राहिली असावी. आज परदेशातल्या भारतीय संशोधकासाठी रामानुजन फेलोशिप आहे, वयोमर्यादा चाळीस, पाच वर्षं. जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, २००६-०७पासून. तिच्या नावातच पुनःप्रवेश आहे. २०२३मध्ये आलेल्या 'वैभव' योजनेत तर परदेशस्थ भारतीय प्राध्यापकानं वर्षातून एक-दोन महिने इथं येऊन काम करावं म्हणून महिना चार लाख रुपये ठेवलेत. पुण्याच्या संस्थांत अशा योजनांतून आलेली उत्तम माणसं आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही.

पण अशी एकही मोठी योजना हिंजवडीतून पाषाणला येणाऱ्यासाठी नाही. बोस्टनमध्ये चार वर्षं काढलेल्याला परत यायला हात देणारं राज्य, बाणेरमध्ये चार वर्षं काढलेल्याला ओळखतही नाही. त्याचं प्रशिक्षण याच देशाच्या पैशानं झालेलं आहे, तो विमानाचं तिकीट मागत नाही, आणि कंपनीत राहून तो जे शिकलाय ते प्रयोगशाळेत कोणालाच येत नसेल अशी दाट शक्यता. तरी तो बाहेरचा. एनसीएलच्या आवारात २००७पासून व्हेंचर सेंटर आहे, तिथं स्वतःची कंपनी काढून केंद्राच्या बायरॅक संस्थेचं ५० लाखांपर्यंतचं अनुदान घेऊन प्रयोगशाळेच्या जवळ येता येतं. काही जण असे आलेत. पण संशोधन करता यावं म्हणून आधी उद्योजक व्हा, ही अट जरा अजब आहे.

यूजीसीनं २०२२मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणले. उद्योगातल्या अनुभवी माणसानं विद्यापीठात शिकवावं, पीएच.डी. नको, निबंध नको. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत असे लोक घेता येतील. अट एकच: किमान १५ वर्षांचा अनुभव. म्हणजे पंधरा वर्षं बाहेर काढलेल्याला पायघड्या आहेत, पीएच.डी. करून सहा वर्षं बाहेर काढलेल्याला नाहीत. तो ना तरुण संशोधक, ना ज्येष्ठ तज्ज्ञ. त्याचं वय पस्तीस ते चाळीस, हात तयार, डोक्यात प्रश्न ताजे. आणि त्याच्यासाठी अर्जात रकाना नाही.

ही अतिशयोक्ती नव्हे. विद्यापीठात सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला कोणाला बोलवायचं, हे यूजीसीच्या २०१८च्या नियमांना जोडलेल्या तक्त्यावरून ठरतं. एकूण गुण १००. पदवीला ८० टक्क्यांच्या वर असाल तर १५. पदव्युत्तरला २५पर्यंत. पीएच.डी.ला ३०. शोधनिबंधाला प्रत्येकी २, जास्तीत जास्त १०. अध्यापन किंवा पोस्टडॉकच्या अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०. औषध कंपनीच्या संशोधन विभागातल्या सहा वर्षांना किती? तक्त्यात त्यासाठी ओळच नाही. सहयोगी प्राध्यापकपदाच्या अटींत उद्योगातला संशोधनाचा अनुभव धरायची मुभा त्याच नियमांत आहे, पण तिथवर पोचायचं तर तो समकक्ष आहे असं छाननी समितीनं ठरवायला हवं, आणि समितीला तसं ठरवून मिळण्यासारखं काही नसतं. तक्रार आली तर मात्र उत्तर द्यावं लागतं. त्यामुळं एकविसाव्या वर्षी बी.एस्सी.ला पडलेले मार्क आयुष्यभर सोबत येतात, आणि तिसाव्या वर्षानंतर कंपनीत बनवलेल्या रेणूला शून्य.

२०२५च्या जानेवारीत यूजीसीनं या नियमांच्या जागी येणाऱ्या नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. वरच्या पदांसाठी त्यात निबंधांच्या मोजणीऐवजी प्रयोगशाळा उभारणं, सल्लासेवा, भारतीय भाषांतलं अध्यापन, नोंदणीकृत स्टार्टअप अशा गोष्टी योगदान म्हणून धरलेल्या होत्या. बाहेर राहून आलेल्याला इथं काहीतरी दाखवता आलं असतं. मसुद्यावर देशभर गदारोळ झाला, राज्यांनी विरोध केला, निवेदनं गेली. वाद पेटला तो मुख्यतः कुलगुरू कोणी नेमायचे यावरून.